खिळे

नाटक संपलं की लोक घरी जायचे,
आम्ही खिळे उपटायचो.
मन्मथअप्पा दगडावर बसून
एकेक खिळा हातोडीनं सरळ करायचे,
डालडाच्या डब्यात टाकायचे, म्हणायचे,
"वाकला म्हणून कुणी मरत नसतंय, बाबा."

उदगिरात तेव्हा नाट्यगृह नव्हतं.
मोंढ्यातलं एक गोदाम होतं,
तूर गेली की आम्ही, आम्ही गेलो की तूर.
भुशानं राजा भर दरबारात शिंकायचा
आणि लोकांना वाटायचं, तसंच लिहिलंय.

अप्पांचं सिमेंट-पत्र्यांचं दुकान.
गल्ल्याखाली तालमीची वही,
डाव्या पानावर संवाद, उजव्या पानावर उधारी:
दाढीमिशा सोलापूरहून, भाडं बाकी.
मांडववाला, बाकी.
सुताराला सत्तर दिले, पंधरा नाटकानंतर.
हे "नाटकानंतर" बेचाळीस वर्षं चाललं.
ज्यांचे पैसे द्यायचे ते पहिल्या रांगेत, फुकट,
आणि पहिली टाळीही त्यांचीच.

खाजामियाँ मिठाच्या पाण्याच्या बरणीत
तार सोडायचा, हळूहळू,
आणि गोदामाच्या भिंतीवर पहाट व्हायची.
एकदा मीठ जास्त पडलं.
एकदम भर दुपार झाली,
मेलेला नायक डोळे मिचकावत पडून राहिला.

सुशीला सोनकांबळे दिवसभर एक्स्चेंजमध्ये
"ट्रंककॉल, नांदेड, बोला" म्हणायची,
रात्री त्याच आवाजात नवऱ्याचं घर सोडून जायची.
तालीम सुटली की अप्पा बॅटरी घेऊन
तिच्या मागं दहा पावलं चालायचे,
आतून कडी वाजेपर्यंत.
गाव काय काय बोललं, ते मी सांगणार नाही.
मी प्रॉम्प्टर. वहीतलंच बोलतो.

स्पर्धेला नांदेडला जायचो, ट्रकच्या हौद्यात,
महालाच्या पायऱ्यांवर बसून.
परीक्षकांनी लिहिलं: उच्चार ग्रामीण.
अप्पांनी तो कागद दुकानात चिकटवला,
खाली खडूनं लिहिलं:
सिमेंट मात्र शुद्ध मिळेल.

मग त्या वर्षीचं विसर्जन.
प्रयोग तीनला संपला. चेहऱ्यावर रंग तसाच,
खिळे उपटत होतो, तेव्हा जमीन हलली.
डबा आपोआप वाजला.
सकाळी किल्लारीकडची बातमी आली.
अप्पा कुणाशी काही बोलले नाहीत. ट्रक बोलावला,
सगळं भरलं: बांबू, फळ्या, कनाती,
ते जंगल, तो दरबार,
पेंटर इरण्णानं तीन महिने उपाशी रंगवलेला.
महिनाभर लोक त्याच्याखाली झोपले.
एक बाई दरबाराच्या आडोशाला बाळंत झाली,
बाहेरच्या बाजूला भालदार उभे होते,
इरण्णाचे, एकाचा हात जरा आखूड.
पडदे परत आले नाहीत. मागितले नाहीत.
वहीत त्या पानावर काहीच नाही,
"बाकी" सुद्धा नाही.

आता नाट्यगृह झालंय. एकतीस वर्षांच्या अर्जांनंतर.
उद्घाटनाला ऑर्केस्ट्रा होता,
अप्पांना शाल, नारळ, तिसऱ्या रांगेत खुर्ची.
सूत्रसंचालकानं नाव चुकवलं.
मी सवयीनं विंगेच्या अंधारातून बरोबर नाव सांगितलं,
त्याला ऐकू गेलं नाही.
भाषणं चालू असतानाच अप्पा उठले,
मागच्या भिंतीपर्यंत गेले,
एक टाळी वाजवली, कान दिला.
"घुमतंय," म्हणाले.
"शेवटच्या माणसाला कळंना गेलंय."

बाहेर मांडववाले कनात सोडत होते.
अप्पा वाकले, वाकायला वेळ लागला,
धुळीतून काहीतरी उचललं,
शालीला पुसलं, खिशात टाकलं.
नारळ माझ्याकडं दिला: "धर. जड होतंय."

घरापर्यंत मी त्यांच्या मागं चाललो.
पावलं मोजली नाहीत.