मायनस करून घे

कंपनी बंद झाली त्याला आज चौऱ्याऐंशी दिवस.
सुषमा अजूनही पावणेआठला डबा भरते.
लपवाछपवी नाही, अख्ख्या दांडिया बाजारला ठाऊक आहे.
खालच्या घारपुरे काकू तर दर गुरुवारी
हातावर पेढा ठेवून विचारतात,
‘लागलं का रे कुठे?’
जसं मलाच खरचटलं असावं.

डबा मात्र भरायचा.
घरी बसून खाल्लं की
तीच गवार कडू लागते म्हणे तिला.

मकरपुऱ्यात मी फाटकं मोजत जातो.
जशुभाई रजिस्टर पुढे सरकवतो:
नाव, वेळ, कोणाला भेटायचं.
तिसऱ्या रकान्यात हल्ली मी लिहितो, ‘जो भेटेल त्याला’.
तो हसतो, माठातलं पाणी देतो,
आत फोन लावतो,
आणि फोन कानाला तसाच धरून मान हलवतो.
‘पछी आवजो.’
या गावात नकारसुद्धा ‘या’ म्हणूनच येतो.
अकरा जणांनी मला ‘या’ म्हटलंय.

बाराव्याने आत बसवलं. एसी होता.
पंचविशीतला मुलगा, माझ्या कागदावर पेन आपटत म्हणाला,
‘अंकल, मापं आता मशीनच घेतं.’
मशीनचं माप कोण घेतं,
हे मला सुचलं सुसेन सर्कलला,
बस सुटल्यावर.
माझी चांगली उत्तरं नेहमी तिथेच राहतात, त्या थांब्यावर.

काळाघोड्याच्या पुलाखाली मगर पडलेली.
कठड्याशी गर्दी, एक पोरगं बापाला विचारतंय,
‘पप्पा, मरी गई?’
‘ना रे, तडको खाय छे.’
मीही तिथेच डबा उघडला.
ती ऊन खात होती, मी गवार.
तिला कोणी विचारत नव्हतं, दिवसभर काय केलंस.
नंतर, कोणी बघत नसताना,
ती पाण्यात गेली. इतकी सावकाश
की काठावरचा बगळासुद्धा हलला नाही.

नानुभाई पंचालांनी पहिल्या दिवशी
हातात व्हर्नियर दिला होता. मी एकवीस वर्षांचा.
‘पहिले जबडे मिटव. शून्य कुठे आहे बघ.’
शून्य दोन रेघा पुढे होतं.
मला वाटलं, आता हा भंगारात.
‘फेकायचं नाही,’ त्यांच्या गुजराती मराठीत म्हणाले,
‘दोन रेघा लक्षात ठेव. दर वेळी मायनस करून घे.’
त्याच व्हर्नियरवर मी नऊ वर्षं माल पास केला.
एक खेप परत आली नाही.
(एक आली होती. ती चूक माझी, व्हर्नियरची नव्हे.)

म्हणून संध्याकाळी दिवस मोजण्याआधी
जबडे मिटवून बघतो.
घारपुरे काकूंचा पेढा, मायनस.
गुडघा, मायनस.
‘अंकल’ दोनदा वजा करावं लागतं.
उरतं ते फार नसतं.
आज उरला एक फोन नंबर,
जशुभाईने माझ्याच बस तिकिटामागे लिहिलेला:
त्याच्या भाच्याची कंपनी, वाघोडिया,
इन्स्पेक्शनला माणूस हवाय.
‘मारुं नाम ना लेता,’ म्हणाला,
आणि पुढच्याच क्षणी, ‘ले जो ने, लेवुं होय तो.’

रात्री मृण्मयी माझा बायोडाटा टाइप करते.
‘बाबा, छंद काय टाकू?’
कॉलेजात कॅरम, नंतर काहीच नाही.
‘मोजणं,’ मी म्हटलं.
ती हसली. मग खरंच व्हर्नियर घेऊन आली,
तेल पुसून, मलमलीच्या फडक्यातून,
आणि आईच्या पोळीची जाडी बघितली.
एक पूर्णांक आठ मिलिमीटर.
दुसरीची, एक पूर्णांक आठ.
तिसरीचीही.
‘हिला घ्यायला हवं कोणी कामावर,’ मी म्हणालो.
सुषमाने लाटणं उगारलं.

पट्ट्याला मी कंपासच्या टोकाने नवं भोक पाडलं आहे,
आधीच्या भोकांपासून बरोबर तितक्याच अंतरावर.
विजार इस्त्रीची, खुर्चीवर.

‘उद्या कुठे?’
‘वाघोडिया.’
‘लांब पडेल,’ ती म्हणते,
आणि दिवा मालवण्याआधी
गजर पंधरा मिनिटं अलीकडे घेते.