सातचा वाटा निघत नाही

आम्ही सात भाऊ.
वडिलांनी दोरी टाकून कालव्याकाठचं खजुरीचं बन वाटलं
तेव्हा सहा तुकडे नीट पडले.
सातवा मी, रीमुत. मला उरुकला धाडलं,
मातीच्या पाट्या मळायला.

लाबाशी गुरुजींनी पहिल्याच महिन्यात साठचं कोष्टक घोटून घेतलं.
दोनाचा वाटा तीस. तिनाचा वीस.
चाराचा पंधरा, पाचाचा बारा, सहाचा दहा.
आठाचा साडेसात.
मी विचारलं, आणि सात?
बोरू न थांबवता ते म्हणाले,
"सातचा वाटा निघत नाही. पुढे म्हण."

मी पुढे म्हटलं.
वडिलांना हे शाळेत न जाताच ठाऊक होतं तर.

रात्री गच्चीवर काम निराळं.
तोटीतून पाणी ठिबकतं, ते मी तोलायचो;
गुरुजी आभाळ बघायचे.
तारा किती सरकला हे सांगायला त्यांच्याकडे
आभाळाचा असा वेगळा शब्द नव्हता.
बेरू म्हणायचे (बोरू नव्हे, बेरू) —
आमच्या गावची माणसं गाढवामागून चालताना म्हणतात तोच:
सावलीत एकदा टेकून, पाण्याचा बुधला संपवून
जेवढी वाट सरते तेवढी.
एका बेरूत तीस उश.
दिवस आणि रात्र मिळून बारा बेरू.
तीनशे साठ उश चाललं
की आभाळ परत आपल्या उंबऱ्याशी.

आमचं बन उरुकपासून दोन बेरू.
विंचवाची नांगी वर आली की मी चालू लागायचो.
आता वेशीबाहेर.
आता लव्हाळ्यात, जिथे कुत्री भुंकतात.
साठ उश भरले, आता आई
दिवा वर धरून विचारत असेल, कोण आहे?
आणि मी गच्चीवरच,
एका हातात तराजू, पाय जागच्या जागी.

एकदा दोन काड्या टोकाशी बांधून मी डोळ्यापाशी धरल्या.
एक काडी नांगीवर, एक क्षितिजावर.
काड्या मोडून निम्म्या केल्या तरी
मधली फाक तेवढीच राहिली.
गुरुजींना विचारलं, याला काय म्हणायचं?
ते बराच वेळ बघत राहिले.
"शब्द नाही," म्हणाले. "पाणी सांडतंय तुझं."

वडील गेल्याचा निरोप आला
त्या रात्री मी पाणी तोललंच नाही.
ओली पाटी घेतली
आणि आभाळाच्या सात वाटण्या करायला बसलो.
प्रत्येकाला एक्कावन्न उश. थोडं उरलं.
त्या उरल्याचे साठावे भाग पाडले: पंचवीस. उरलं.
पुन्हा साठावे: बेचाळीस. उरलंच.
पुन्हा: एक्कावन्न.

हात थबकला. ओळखीचं कुणी
अंधारात अंगावरून गेल्यासारखा.

पंचवीस. बेचाळीस. एक्कावन्न.
पंचवीस. बेचाळीस.
पाटीची कड आली, पाटी उलटली,
तिकडेही तेच सहाशे पावलांवरचं गाव
आणि तीच वाट, संपत नसलेली.

गुरुजी मागे उभे होते, कधीपासून कोण जाणे.
मला वाटलं, पाटी मोडून परत मळायला लावतील;
चुकलेल्या पाट्यांचं तेच करतात.
त्यांनी ती उचलली, कडेला लागलेलं माझं बोट
मातीत उमटलं होतं, ते पाहिलं.
"उन्हात ठेव," म्हणाले.
"वाळू दे."