गुडघ्यावरचं माप

भिलवडीत शाळेमागची ती खोली.
मला वाटलं, चार खुंट्या, एक कपाट, दाराला कडी,
दुपारपर्यंत मोकळा होईन.
मुल्ला बाईंनी हातातली टेप काढून घेतली,
म्हणाल्या, सुतारमामा, आधी गुडघ्यावर बसा.

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.
बसलो मग, धोतर सावरत.

ट्यूबलाइट लांब गेली एकदम.
टेबलाचा कोपरा नेमका भुवईशी आला.
भिंतीवरच्या फोटोंतली मोठी माणसं
माझ्याकडं नाही, माझ्यावरून बघत होती.
बाहेर उसाचा ट्रॅक्टर वाजत गेला, दिसला नाही,
खिडकीत नुसतं आभाळ.

काय दिसतंय? बाईंनी विचारलं.
म्हटलं, तुमच्या साडीच्या निऱ्या.
बघा, म्हणाल्या,
आणि त्याही खाली बसल्या.

मग तसंच, गुडघ्यांवर, सगळं माप घेतलं.
खिडकी नऊ इंच खाली आणली, गज दुप्पट केले.
दाराच्या बिजागरीशी बोटाएवढी फट सोडली,
वर रबर मारलं. बोट सापडलं तरी नुसतं दचकेल.
कपाटाला दारं नकोत म्हणाल्या, कुलूप तर नकोच.
मी म्हटलं, बाई, ठोकळे जातील.
जातात की. खिशातनं नेतात, उशाला घेऊन झोपतात,
सकाळी आणतात.
सगळे आणतात?
एक लाल त्रिकोण गेल्या वर्षीपासनं पाहुणा गेलाय.

कडा रंध्यानं मोडल्या, कानशीनं घासल्या,
पॉलिशपेपर मारला तीन नंबरांचा.
मी तळहात फिरवून म्हटलं, झालं.
बाई वाकल्या,
आणि कडेवरून गाल फिरवला. डावा, मग उजवा.
अजून दोन सूत घासा.

चाळीस वर्षं झाली करवत धरून.
आमदाराच्या बंगल्याचा जिना केलाय मी,
माझ्या कामावरनं कुणी गाल फिरवला नव्हता.

संध्याकाळी जाता जाता म्हणाल्या,
कपाटाखाली एक बीळ ठेवा.
बीळ?
एकच पोर मावेल एवढं. आत पोतं अंथरीन मी.
कशाला पण?
रुसायला.

भिंतीवर पुराची रेघ होती, मातकट, माझ्या खांद्याएवढी.
रंगारी डबा घेऊन आला तेव्हा बाई आडव्या उभ्या राहिल्या.
तिच्या खाली पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या,
एकेका पोराच्या डोक्याची उंची, तारखेसकट.
सन्मती चौगुले म्हणे रोज पाठ लावून उभी राहते
आणि विचारते, नदीला गाठलं का?

खुंट्या एकवीस ठोका असं ठरलं होतं.
मोजल्या तर बाईंनी बावीस आणलेल्या.
एक जास्त झाली म्हटलं.
नाही. टोळ्या आल्या की उसाच्या फडावरनं येतं एखादं.
नाव आल्यावर लिहू,
खुंटी आधी पाहिजे.

पैसे चुकते झाले. बिळाचे मी लावले नाहीत,
पावतीवर लिहिणार काय होतो.

दिवाळीनंतर कडी अडकते म्हणून निरोप आला.
गेलो. बाई जमिनीवर, मांडीत एक, पाठीवर एक,
आणि एक दुसऱ्याचं नाक पुसत होतं, आपल्याच बाहीनं.
कुणी माझ्याकडं बघितलं नाही. बरं वाटलं.
नकळत मी परत गुडघ्यावर.

बाविसाव्या खुंटीला एक शर्ट होता, उसाच्या कुसळांनी भरलेला.
बिळातनं दोन डोळे.
मी कडी तेल घालून सैल केली, हात पुसले,
खुंटीवरच्या कोऱ्या पाटीकडं बघून विचारलं,
नाव काय ह्याचं?

सांगितलं नाही अजून, बाई म्हणाल्या,
आणि ठोकळे वेचायला लागल्या.
बीळ गप्प होतं.
तेरा दिवस झाले होते त्याला,
आणि त्या खोलीत कुणालाच घाई नव्हती.