हातचे तीन

सहाशे पौंड.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रबर लावून.
इदवालने ते तीनदा मोजले,
चौथ्यांदा मोजले तर जणू सातशे होतील.

लानिडलोसवरच्या टेकडीला मार्चमध्येही ऊन परवडत नाही.
गराजच्या फटीतून ओल्या मेंढ्यांचा वास येतो
आणि आत, ठोकळ्यांवर पुढचं अंग टेकवून,
एकोणसत्तरची एमजीबी. हिरवी,
म्हणजे जिथे गंज नाही तिथे हिरवी.

कारखान्यातून निघाली तेव्हा पंच्याण्णव घोडे होते म्हणे.
आता?
"सत्तर असतील," तो म्हणतो,
"बाकीचे चरायला गेलेत."

एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली त्याने.
मागे बेचाळीस पोरं गायची, ओकायची, भांडायची,
आणि डलिव्हेच्या घाटात, धुक्यात,
त्याचा डावा हात मनातल्या मनात
भलताच गिअर टाकायचा.

म्हणून ही वही.

आधी मोठी स्वप्नं मारून टाकली, एका बैठकीत.
पोर्ट रुंद केलेलं सिलिंडर हेड: साडेसहाशे.
पाच गिअरांचा बॉक्स: तीन हजार.
अख्खी गाडी चार हजारांत आणलेली,
कोंबडी चार आण्यांची, मसाला बारा आण्यांचा.
टेलफर्डचा पार्टवाला फोनवर म्हणाला,
"घे रे, एकदाच तर जगायचं असतं."
इदवाल म्हणाला, "हो, पण छपराखाली."

मग उरलं ते, बारीक अक्षरात:
ब्रेक पॅड अडतीस. ब्रेकचे जाळीदार पाइप चौसष्ट.
(पळायच्या आधी थांबता यायला हवं,
हे बसने शिकवलं.)
इलेक्ट्रॉनिक इग्निशन बावन्न, एअर फिल्टर अठ्ठेचाळीस,
कार्ब्युरेटरच्या सुया चौदा, प्लग आणि वायरी सव्वीस,
एका मेलेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड
एकशेवीस, घासाघीस करून,
ऑस्वेस्ट्रीला डायनोवर तासभर, पन्नास.
बेरीज: तीनशे ब्याऐंशी.

आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने, चोरून लिहावं तसं:
शेजारची सीट काढणे. अकरा किलो कमी.
खर्च: शून्य.

मेरेरिडने आयुष्यभर जनावरांच्या लिलावाचे हिशेब लिहिले.
वही तिला दिसणारच होती.
सकाळी चहाच्या कपाखाली ती उघडी पडलेली,
तीनशे ब्याऐंशीवर काट,
शेजारी चारशे बारा. समासात:
हातचे तीन विसरलास.

आणि सीटच्या ओळीपुढे, त्याच लाल शाईत:
मी, अडुसष्ट किलो.
खर्च: विचारून बघ.

त्याने रबराने खोडलं. इतकं, की कागद झिजला.

मे उजाडेपर्यंत त्याच्या नखांतलं काळं
साबणालाही ऐकेना.
दोन बोल्ट तुटले. एक तिसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा निघाला.
टायमिंग बसवताना शेजारच्या कुत्र्याने
पाना पळवला, तो अजून मिळालेला नाही,
हिशेबातही धरलेला नाही.

मग एका कोरड्या रविवारी
पुलापासून वरच्या चॅपलपर्यंत.
फेब्रुवारीत, एकटा: दोन मिनिटं एक्केचाळीस.
आज मेरेरिड शेजारी, लिलावातलं जुनं घड्याळ मुठीत,
डोक्याला रुमाल, ओठ मिटलेले.
दुसऱ्या वळणावर इंजिनाने
आवंढा गिळला
आणि पुढे नुसतं गात सुटलं.

दोन मिनिटं अडतीस.

चॅपलच्या भिंतीपाशी गाडी टिकटिक करत थंड होत होती.
कुणी काही बोललं नाही.
मग सवयीने तिनेच भागाकार केला:
"तीन सेकंद. एका सेकंदाला एकशे सदतीस पौंड,
वर काही पेन्स."

"तू नसतीस तर पस्तीस भरले असते."

"मी नसते तर," ती घड्याळाला चावी देत म्हणाली,
"तू तीनशे ब्याऐंशीच लावून बसला असतास."

डब्यात एकशे अठ्ठ्याऐंशी उरलेत.
उत्तरेकडची छपराची एक पाटी सरकली आहे.
दोघांनाही ठाऊक आहे. तिने अजून
वहीत लिहिलेलं नाही.