पकड

तुर्कू, नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच दिवे.
सूक्ष्मदर्शकाखाली झेब्रामाशाचं पिल्लू, वय तीन दिवस,
काचेसारखं; आतलं सगळं उघडं.

सिनिक्का श्वास धरून बघते:
रक्ताच्या ओघात एक पेशी येते,
भिंतीला घासते, गडगडत जाते,
अडखळते, सुटते,
पुन्हा कशाला तरी चिकटते,
थांबते. मग अंग चोरून फटीतून बाहेर,
थायमसकडे.
आजार नाही, ताप नाही अजून कसलाच.
नुसती वस्ती होते आहे.

दुसऱ्या ताटलीतल्या पिल्लांचा
तो चिकट रेणू तिनेच काढून टाकलाय.
इथेही पेशी येतात, दारावरून जातात,
फेरा मारून येतात, जातात.
हाक ऐकू येत असेल. हाताला काही लागत नाही.

ती वहीत लिहिते: तिकडे बावीस, इकडे तीन.
तीन कशा पोचल्या, कोण जाणे.

वडील हल्ली फिरून येताना
स्वतःच्याच फाटकापुढून निघून जातात
गल्लीच्या टोकापर्यंत, आणि परत, आणि परत.
रविवारी तिने कडीला जाड लोकर गुंडाळली, लाल.

आज सहाला ती सायकलवरून उतरली
तर ते फाटकाशी उभे, हातमोजा काढून,
लोकर चाचपत.
"कुणी बांधलं हे?" त्यांनी विचारलं,
कडी न सोडता.