आकडा

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांचे मीटर वाचले.
आता उभादांड्याच्या या स्लॅबखाली
स्वतःचा एक वाचतो,
संध्याकाळी साडेसहाला, चहाच्या आधी,
आणि वहीत लिहितो: सोमवार, बारा पूर्णांक सहा.
मंगळवार, बारा पूर्णांक आठ.
शेजारी ओहोटीची वेळ, पेन्सिलीने, उगाच.

बुधवारी सहा.
शेवंती म्हणाली, ढग असतील.
पौषात कसले ढग? ऊन एवढं की
अंगणातले बांगडे दुपारपर्यंत वाजायला लागले.
गुरुवारी साडेपाच.
सकाळी इन्व्हर्टर लाल डोळा वटारून गप्प,
दव सुकलं की अकराच्या सुमाराला
कामचुकार कारकुनासारखा हजर.

मला हा रोग ठाऊक आहे.
आकडा कमी आला की कुठेतरी आकडा टाकलेला असतो.
खांबावरून वाकडी तार, कौलांतून आत,
आणि हाक मारली तर घरात कोणीच नाही.

शनिवारी इनास सोज आला,
शिडी लावली, पॅनेलखाली आडवा झाला.
बराच वेळ नुसते त्याचे तळवे दिसत होते.
मग आवाज:
"तात्यानु, वर येवा. चोर गावलो."

गुडघ्यांना विचारत विचारत चढलो.
पॅनेलच्या पोटाशी घरटं.
सुंभ, लग्नपत्रिकेचा सोनेरी काठ,
माझ्याच लेंग्याची हरवलेली नाडी,
आणि मधोमध बारीक कुरतडलेलं लाल-काळं प्लास्टिक,
म्हणजे माझी वायर, अंथरूण म्हणून.
तांबं उघडं, खाऱ्या वाऱ्याने हिरवट.
भर दुपारी त्यात तीनशे व्होल्ट असतात.
त्यात दात घालून ती जगली कशी
ते इनासलाही सांगता येईना.
अंथरुणावर सहा पिल्लं, डोळे मिटलेली,
सोललेल्या कोळंबीच्या रंगाची.

कोळंबी.
सत्त्याऐंशी साली, आडारीच्या वाटेवर
गोदी कुबलीण कोळंबी सोलत होती
चाळीसच्या दिव्याखाली, आकडा टाकून.
तिने माझ्याकडे बघितलं. हात थांबवले नाहीत.
मी मीटर वाचला, दाखवत होता तेवढाच लिहिला.
साहेबाला नाही, शेवंतीलाही नाही सांगितलं.
हे आत्ता का आठवावं,
उन्हात, उकिडवं बसल्यावर?

"खंय टाकू?" इनासने विचारलं.
"आगराच्या कडेला. गवतात ठेव."
"मांजार खायत."
"ठेव."

मग त्याने सगळी वायर लोखंडी पाइपात घातली,
पाइपाच्या तोंडाला सिमेंट, त्यात काचेचा चुरा.
पॅनेलांना चहूकडून अर्ध्या इंचाची जाळी.
"गंजतली. वर्साआड रंग काढूक होयो."
स्लॅबवर टेकलेल्या माडाच्या तीन झावळ्या उतरवल्या
आणि खोडाला छातीच्या उंचीवर पत्र्याचा पट्टा ठोकला,
नारळ राखायला माझा बाप ठोकायचा तसाच.
चार हजार तीनशे. पावती नाही.

शेवंती म्हणाली, चतुर्थीला ह्याच्याचपुढे
मोदक ठेवतो आपण.
मी म्हटलं, मातीचा वायर खात नाही.

तिन्हीसांजेला गवतात जाऊन आलो.
सुंभ होतं, नाडी होती, पिल्लं नव्हती.
आई, मांजर, की कावळा,
वहीत तसा रकाना नाही.

रविवार, बारा पूर्णांक सात.

रात्री छतावर
दात आणि लोखंड.
जरा घासतं, थांबतं, सरकून दुसरीकडे घासतं.
जुन्या मीटरची चकती फिरताना
कान लावला तर यायचा, तसा आवाज.
शेवंतीने झोपेतच विचारलं, कोण आहे?
मी म्हटलं, कोणी नाही.
वाचायला आलंय.