चासी क्रमांक सात

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो.
तुम्हाला लार्टर कंपनीचा इतिहास हवा आहे.
इतिहास म्हणजे एक रिकामा डुकरवाडा,
नॉरफोकचा, बीटाच्या शेतांना लागून,
भाडं आठवड्याला तीस शिलिंग, वास फुकट.

क्लेमंट लार्टरकडे ड्रॉइंग बोर्ड नव्हता.
तो फरशीवर खडूने गाडी काढायचा, खऱ्या मापाची,
आणि तिच्या मधोमध बसून
हवेतलं स्टिअरिंग फिरवून बघायचा.
होरेस डॅक दारातच बूट काढायचा,
रेघ पुसू नये म्हणून.
मग त्याच रेघांवर नळ्या मांडून जोडत जायचा.
डावखुरा. त्याचे सांधे उलट्या टाक्यांचे,
आंधळ्यानेही बोट फिरवून ओळखावेत.

मी पत्रं टाइप करायची,
लोकांकडची उधारी मागायची, आमची टाळायची,
आणि पितळी पट्टीवर गाडीचा क्रमांक ठोकायची.
छोटी हातोडी, आकड्यांचे दहा ठसे.

पहिली गाडी वळलीच नाही.
युद्धातली मोडकी धावपट्टी संपली
आणि ती सरळ बीटात शिरली.
क्लेमंट चिखलाने माखून परत आला, म्हणाला,
नाक हलकं आहे.
बस, एवढंच.

तिसरी जिंकली. पाचवी एका दंतवैद्याने रोख घेतली,
तेव्हा छप्पर गळायचं थांबलं.
हे सगळं तुमच्या वहीत आहेच, तारखांसकट.

एडगर बन हा गिरणीवाल्याचा मुलगा, सहा फूट दोन इंच.
कुठल्याच गाडीत मावेना.
म्हणून क्लेमंटने त्याला फरशीवर आडवं केलं,
त्याच्या भोवतीने खडू फिरवला,
आणि गाडी त्या माणसाभोवती काढली.
एडगरला गुदगुल्या होत होत्या. रेघ दोनदा हलली.
ती सात नंबर.

एकोणसाठचा जून. बेल्जियम. झाडांमधलं ओलं वळण.
तार मीच घेतली.

पुढची शर्यत फ्रान्समध्ये, सतरा दिवसांवर.
जकातीच्या कागदांवर लिहिलेलं होतं: सात.
नवे कागद म्हणजे नवी अनामत,
आणि बँकेत आमचे चाळीस पौंडही नव्हते.
होरेसने सोळा रात्रींत दुसरी गाडी उभी केली.
क्लेमंट माझ्यासमोर कोरी पट्टी ठेवून
खिडकीकडे बघत राहिला.
मी सात ठोकला.

ती सात नंबर फ्रान्समध्ये जिंकली.
तिच्याच जोरावर कंपनी बारा वर्षं जगली,
तीस माणसं, विटांचं नवं शेड, कँटीनमध्ये गरम पुडिंग.
मग इंजिनं मागे गेली, अ‍ॅल्युमिनियम गेलं, फायबर आलं,
वाऱ्याचा हिशेब करणारी पोरं आली पांढऱ्या कोटात,
आणि शेवटी बँकेचा माणूस आला, साध्या कोटात.

मोडक्या सातच्या नळ्या भंगारातून कुणीतरी उचलल्या.
पहिली पट्टीही त्यांच्यासोबत सापडली.
तिच्याभोवती गाडी उभी राहिली, चकचकीत, हिरवी.
आता दोन सात आहेत, दोन मालक, चार वकील.
आणि तुम्ही, चहा थंड करून विचारता,
मिस गॉट्स, खरी कोणती?

भिंग आणलंय ना?
मग बघा. एका पट्टीवरचा सात सरळ उभा आहे.
दुसरीवरचा जरा कललेला.
दोन्ही माझ्याच हातचे.
यापुढचं वकिलांना विचारा.

तो डुकरवाडा अजून आहे, तिथे कुत्र्यांचं खाद्य विकतात.
साठ साली आम्ही जुन्या फरशीवर काँक्रीट ओतलं होतं.
खाली काय उरलं असेल ते असो.
होरेस त्यानंतर अकरा वर्षं तिथे काम करत होता.
नवी पोरं हसायची त्याला,
भर जानेवारीत, गार काँक्रीटवर,
तो मोज्यांवर चालायचा.